गावचा भोंगा वाजता कसा ठेवायचा: आवाजावरून दुखणं ओळखणं आणि वर्षभराची देखभाल

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉकड्रिल झालं तेव्हा कितीतरी गावांना आठवलं की अरे, आपल्या पालिकेच्या गच्चीवर एक भोंगा, म्हणजे सायरन, आहे. आमच्या भागात काही वाजले, काही नुसते गुरगुरले, आणि काहींच्या पॅनेलची चावीच सापडेना. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नवे बसवले, जुने रंग देऊन चालू केले, आणि आता परत सगळं थंड झालंय. म्हणून हे लिहितोय. ग्रामपंचायतीचे वायरमन, पाणीपुरवठ्याची पोरं, एमआयडीसीत सेफ्टी बघणारे, नदीकाठच्या गावातली आपत्ती समितीवाली मंडळी, ज्यांच्या गळ्यात भोंगा येऊन पडतो त्या सगळ्यांसाठी. मुख्यतः मोटरवाल्या भोंग्याबद्दल बोलतो कारण आपल्याकडे तेच जास्त आहेत, इलेक्ट्रॉनिकचं पुढे थोडक्यात.

आधी आवाज येतो कुठून ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. भोंग्यात कर्णा वाजत नसतो, पडदाबिडदा काही नसतो. मोटरच्या शाफ्टवर एक रोटर असतो, त्याच्या कडेला खिडक्या, आणि त्याच्याभोवती न फिरणारी बॉडी, तिलाही खिडक्या. रोटर हवा आत ओढतो आणि बाहेर फेकतो, पण खिडकीसमोर खिडकी आली तरच हवा बाहेर पडते, नाहीतर अडते. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि तोच आपला आवाज. त्यामुळे सूर काढायचा हिशोब शाळेतल्या पोराला पण जमेल असा आहे, सेकंदाला फेरे गुणिले खिडक्या. आपल्याकडे ५० हर्ट्झची लाईट, टू-पोल मोटर कागदावर मिनिटाला ३००० फेऱ्यांची पण लोडवर साधारण २८५० धरा, म्हणजे सेकंदाला ४७.५ फेरे. रोटरला १० खिडक्या असतील तर ४७५ हर्ट्झ.

आता हे ४७५ हर्ट्झ म्हणजे पेटीवर काळी पाचच्या किंचित वर. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला गच्चीखाली उभं करा, तो लगेच सांगेल सूर कुठे लागतोय ते. मस्करी नाही करत, भोंगा तपासायचं हे सगळ्यात स्वस्त यंत्र आहे. पेटीवाला नसेल तर मोबाईलमध्ये गिटार ट्यूनरचं फुकट अॅप घ्या, ते हर्ट्झ दाखवतं. भोंगा नवीन असताना किंवा नुकताच दुरुस्त झालेला असताना जो आकडा येईल तो वहीत लिहून ठेवा. पुढे कधी तोच भोंगा पांढरी सहाच्याही खाली, ४३० वगैरे दाखवायला लागला तर फेरे २५८० वर आलेत असं समजा, म्हणजे एकतर व्होल्टेज पडतंय नाहीतर मोटरला काहीतरी अडवतंय. खालून ऐकणाऱ्याला "वाजला की" एवढंच कळतं, फरक वहीवाल्यालाच कळतो.

कान लावून ऐकायचं काय

बटण दाबल्यावर नुसता "हुं" आवाज, फिरणं नाही. सिंगल फेज मोटर असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलाय. थ्री फेज असेल तर एक फेज गायब आहे, ताबडतोब बंद करा नाहीतर वाइंडिंग जळेल. शेतातल्या मोटरला लोक सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) न चुकता लावतात पण गावाच्या भोंग्याला लावत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही. चार पैशाची वस्तू आहे, लावून टाका.

फिरतोय पण वर चढायला नेहमीपेक्षा वेळ घेतोय, तर चालू होताना व्होल्टेज बघा. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच ते सात पट करंट खेचते, आणि पोलापासून गच्चीपर्यंत बारीक वायर ओढली असेल तर सगळं व्होल्टेज वायरमध्येच खर्च होतं. खाली पॅनेलला ४१५ आणि वर मोटरच्या टर्मिनलला ३६० असं दिसलं की मोटरला दोष देऊ नका, केबल बदला.

सूर बरोबर पण आवाज दबलेला, हा सगळ्यात फसवा प्रकार आहे कारण मोटर ठणठणीत असते. यात टाँग टेस्टर (वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) लावून अँपिअर बघायचे. पाणी न ओढता नुसती फिरणारी पंपाची मोटर कशी कमी अँपिअर दाखवते, अगदी तसंच इथे, हवा मिळाली नाही की भोंग्याची मोटर हलकी फिरते, करंट कमी होतो आणि सूर तर उलट किंचित वर जातो. म्हणजे कमी अँपिअर अधिक कमी आवाज बरोबर हवेची वाट बंद. जाळी काढा, आत घरटं निघणार. आम्ही एक उघडला होता त्यात कुंभारमाशीने खिडक्यांच्या कोपऱ्यात मातीच्या कुप्या बांधल्या होत्या, बोटाएवढ्या, एकाला एक चिकटून, आणि वाळून अशा कडक झालेल्या की स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढाव्या लागल्या, प्रत्येकीत माशीने साठवलेले वाळके कोळी. बाहेरून जाळी एकदम स्वच्छ, रंग नवा. वरून काही कळलंच नसतं. अशा वेळी हवेच्या दाबाने माती आत उडवू नका, ती रोटर आणि बॉडीच्या फटीत जाऊन बसते. ब्रश आणि व्हॅक्यूम, आणि शेवटी रोटर हाताने पूर्ण फिरवून बघायचा.

आवाज दबण्याचं आणखी एक कारण म्हणजे थ्री फेजला उलटी फिरणारी मोटर. डीपीवर काम झालं, कुणीतरी दोन फेज अदलाबदल केल्या, झालं. भोंगा उलटा फिरला तरी वाजतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण पात्या वाकड्या असलेल्या रोटरचा आवाज चांगलाच पडतो. बॉडीवर बाण असतो, बंद होताना रोटर हळू झाला की बाणाशी ताडून बघा. बाण रंगाखाली गेला असेल तर परत काढा.

खडखड म्हणजे जाळी किंवा फाउंडेशन बोल्ट ढिले. खर्रर्र असा कोरडा आवाज म्हणजे बेअरिंग. आणि धातू घासल्यासारखी किंचाळी आली तर लगेच बंद, रोटर बॉडीला लागतोय. ती फट मुद्दाम कमी ठेवलेली असते, जास्त फट म्हणजे हवा गळते आणि आवाज पातळ होतो, त्यामुळे घासतंय म्हणून कुणी रोटर लेथवर देऊन कातून आणला तर त्याला चहा पाजा आणि परत भोंग्याजवळ येऊ देऊ नका. घासण्याचं कारण गंजाचे पापुद्रे किंवा खालावलेलं बेअरिंग असतं, ते दुरुस्त करायचं.

आणि बंद केल्यानंतरचा आवाज! हा लोक ऐकतच नाहीत. स्विच सोडल्यापासून रोटर पूर्ण थांबेपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक भोंग्याचा आकडा वेगळा, तुमच्याच भोंग्याशी तुलना करायची. हा वेळ महिन्यागणिक कमी होत चालला तर बेअरिंग जड झालंय, आणि ते खर्रर्र करायला लागायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलेलं असतं.

पाच किलोमीटर रेंजची गोष्ट

कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, रेंज ३ किमी, ५ किमी, ८ किमी. माळरानावर, पहाटे, वारा पडलेला असताना कुणी कान टवकारून उभा असेल तर ऐकू येईलही, पण भर बाजाराच्या दिवशी नाही. किलोमीटर विचारू नका, ३० मीटरवर किती डेसिबल ते विचारा आणि लिहून घ्या. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पुस्तकाप्रमाणे ६ डेसिबल कमी होतात, पण घरं झाडं सगळं धरून अमेरिकेतल्या आपत्ती खात्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत १० धरायला सांगितलंय आणि माझ्या मते आपल्या गावांनाही तेच धरावं. ३० मीटरवर १२० असेल तर ६० ला ११०, १२० ला १००, २४० ला ९०, ४८० ला ८० आणि ९६० मीटरवर ७०. गर्दीच्या वस्तीत ७० च्या आसपास डेसिबल लागतात, म्हणजे हा भोंगा प्रामाणिकपणे एक किलोमीटरचा. गाव त्याहून पसरलेलं असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, मोठ्याच्या खालच्या लोकांचे कान तरी वाचतील.

मोजायला मोबाईलचं डेसिबल अॅप वापरू नका, जवळून एवढ्या मोठ्या आवाजाला फोनचा माईक चोंदतो आणि काहीही आकडा दाखवतो. त्यापेक्षा चार माणसं चार टोकांना पाठवा, एक नदीकडच्या वस्तीत, एक हायवेपलीकडे, आणि एकाला घरात बसवा, दार बंद, मिक्सर चालू. घरातल्याला बहुतेक वेळा ऐकू येत नाही आणि त्यात भोंग्याची चूक नाही, भोंगा बाहेर असलेल्यांसाठीच असतो. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात तर सरींच्या आवाजापुढे काहीच टिकत नाही. म्हणून भोंग्याबरोबर दवंडीची रिक्षा, मंदिर-मशिदीचा स्पीकर, व्हॉट्सअॅप ग्रुप, पोलीस पाटलांचे फोन हे सगळं लागतंच.

चाचणी दुपारी आणि रात्री वेगवेगळी येते ते पण लक्षात ठेवा. दुपारी जमीन तापलेली असते तेव्हा आवाज वरच्या वर वळतो, रात्री थंड हवा खाली बसली की तोच भोंगा पुढच्या गावाला ऐकू जातो. वाऱ्याच्या उलट्या बाजूला असलेल्या वस्तीला नेहमी कमी मिळतं. त्यामुळे "गेल्या वेळी ऐकू आला होता" याला वेळ आणि वारा लिहिल्याशिवाय अर्थ नाही.

जागा म्हणाल तर आजूबाजूच्या छपरांच्या वर, जमिनीपासून १५ मीटरच्या आसपास मिळाली तर उत्तम. पाण्याची टाकी सगळ्यांना सुचते आणि ती बरीही असते पण टाकीच्या जुन्या काँक्रीटला अँकर मारण्याआधी इंजिनिअरला दाखवा, आणि वीज पडायची जागा तीच असल्यामुळे आर्थिंग नीट करा. शाळेच्या गच्चीवर, दवाखान्याशेजारी बसवू नका. खाली माणसाच्या कानाशी १२३ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये.

वर चढण्याआधी

मेन बंद करा, फ्यूज काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा. नुसतं "खाली सांगितलंय" यावर विश्वास ठेवू नका, आजकाल टायमर असतात, मोबाईलवरून चालू होणारे रिले असतात, आणि खाली कुणीतरी हौशी असतोच. २८०० फेऱ्यांवर फिरणारा रोटर बोट ठेवत नाही. चालू चाचणीच्या वेळी वर थांबायचंच असेल तर कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही. आपल्या कारखान्यांच्या नियमात ११५ डेसिबलला दिवसाला पाव तासच परवानगी आहे, आणि भोंग्याशेजारी त्याच्या वरचा आवाज असतो.

वर्षाचं काम

दोनदा नीट करायचं, एकदा मे महिन्यात पावसाआधी, एकदा दिवाळीच्या सुमारास पाऊस संपल्यावर. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) उघडून त्यातले कॉन्टॅक्ट बघा. भोंग्याचा चढ-उताराचा आवाज काढायला दोन मिनिटांत मोटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करावी लागते आणि दर चालूला तो पाच-सात पट करंट कॉन्टॅक्टमधून जातो, त्यामुळे साध्या पंपाच्या कॉन्टॅक्टरपेक्षा हा लवकर खड्डे पडून काळा होतो. पॉलिश पेपर मारून वेळ भागवू नका, किट बदला, आणि नवा घेताना एक साईज मोठाच घ्या. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मोटरच्या प्लेटवरच्या करंटलाच सेट हवा, ट्रिप होतो म्हणून वर फिरवून ठेवलेले बरेच सापडतात.

पॅनेलमध्ये पाल आणि मुंग्या. केबल जिथून आत येते तिथलं ग्लँड, म्हणजे केबलभोवतीचं बूच, तुटलेलं असतं, तिथून पाल शिरते, दोन फेजमध्ये चिकटते, आणि बरोबर त्या रात्री भोंगा वाजत नाही. ग्लँड लावा, उरलेली भोकं बंद करा, दाराचं रबर बदला. पॅनेलच्या तळाला मात्र पाणी गळून जायला एक बारीक भोक हवं, त्याला जाळी लावा.

बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असेल तर त्याला ग्रीस देता येत नाही, आवाज आला की सरळ बदलायचं. उघडं असेल तर लिथियम ग्रीस, तेही बेताने, ठासून भरलं तर बेअरिंग तापतं. मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) बघा, एक मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर उतरवा, सुकवून वार्निश करून घ्या. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असल्यामुळे बोल्ट स्टेनलेसचे वापरा, नाहीतर पुढच्या वर्षी कटर लागतो. रंग देणाऱ्यावर लक्ष ठेवा, तो खिडक्यांच्या कडा पण रंगवतो आणि थर साचून फट बुजते.

लाईट गेल्यावर काय

सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, पूर आला की सबस्टेशन पाण्यात जातं किंवा सुरक्षेसाठी महावितरण लाईन बंद करतं, म्हणजे भोंग्याची खरी गरज असते तेव्हाच त्याला लाईट नसते. दीड किलोवॅटची थ्री फेज मोटर चालताना साडेतीन अँपिअरच्या आत-बाहेर घेते पण उचलताना वीसच्या पुढे जाते, घरचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. पाच ते साडेसात केव्हीएचा जनरेटर लागेल, तोही पूररेषेच्या वर ठेवलेला, आणि महिन्यातून एकदा भोंग्याच्या लोडवरच चालवलेला. ते जमत नसेल तर हाताने फिरवायचा भोंगा घ्या. आवाज कमी पण डिझेल लागत नाही, बोटीत घेऊन फिरता येतो, आणि त्याला वर्षातून दोन थेंब तेल पुरतं. मला विचाराल तर नदीकाठच्या प्रत्येक वाडीत हा असायलाच हवा.

इलेक्ट्रॉनिक भोंग्यांचं सगळं बॅटरीवर असतं. चार्जरचा हिरवा दिवा बघून समाधान मानू नका, वाजत असताना बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२ ची बॅटरी लोडवर साडेदहाच्या खाली जात असेल तर ती गेलेली आहे. स्पीकरची युनिट एकेक करून तपासा, आठपैकी तीन बंद असले तरी खाली उभ्या माणसाला तो वाजतोय असंच वाटतं. आणि दोन खांबांवरून एकाच वेळी बोलून सूचना देणार असाल तर मधल्या वस्तीत शब्दावर शब्द चढतो, आवाज सेकंदाला ३४० मीटरच जातो, १७०० मीटर लांबच्या खांबाचा आवाज पाच सेकंद उशिरा येणार. तिथे आळीपाळीने बोला, आणि सावकाश बोला.

कधी वाजवायचा, कुणी वाजवायचा

नागरी संरक्षणाचा इशारा म्हणजे दोन मिनिटं चढ-उताराचा आवाज, आणि धोका टळला की दोन मिनिटं एकसुरी. पुरासाठी, धरणातून पाणी सोडताना किंवा कारखान्यातल्या गळतीसाठी तुमच्याकडे काय ठरलंय ते ग्रामसभेत सांगा, भिंतीवर रंगवा, आणि रोजच्या वापराचा आवाज त्याच्यासारखा ठेवू नका. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. मला ती कल्पना पोरांपेक्षा भोंग्यासाठी जास्त आवडते, तो रोज वाजतो म्हणजे रोज तपासला जातो. अशा गावात रोजचा भोंगा छोटा आणि एकसुरी ठेवावा, संकटाचा चढ-उताराचा. जिथे रोज वाजत नाही तिथे निदान महिन्यातून एक ठरलेला वार आणि वेळ ठेवा, आदल्या दिवशी ग्रुपवर टाका. ३० जानेवारी तर आयतीच आहे, हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन असतं तेव्हा केंद्राच्या सूचनेप्रमाणे १०:५९ ते ११ आणि परत ११:०२ ते ११:०३ भोंगा वाजवायचा असतो. दोनदा पूर्ण मिनिटभर, यापेक्षा चांगली चाचणी कुठली. हां, आणि भोंग्याचा आवाज वरातीच्या डीजेत आणि रीलमध्ये वापरणाऱ्यांना आवरा, मे २०२५ मध्ये केंद्राने वृत्तवाहिन्यांनासुद्धा कार्यक्रमात हे आवाज वापरू नका म्हणून सांगितलं होतं, लोकांचा कान मरतो म्हणून.

"लोक घाबरतील" म्हणून भोंगा न वाजवणारा एक तरी माणूस प्रत्येक समितीत असतो. त्याला भोपाळचं सांगा. १९८४ च्या त्या रात्री कारखान्याचा बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला, कारण आतला आणि बाहेरचा भोंगा १९८२ मध्येच एकमेकांपासून वेगळे केले होते, किरकोळ गळतीला वस्ती उगाच घाबरू नये म्हणून. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून वाजवायचा हे तीन नावांसकट कागदावर लिहा, पहिला फोन उचलत नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा, आणि तिघांपैकी निदान एक जण भोंग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारा हवा. पॅनेलची एक चावी पंचायतीत, एक त्याच्या घरी, एक काचेच्या पेटीत पॅनेलशेजारी.

सुटे भाग मे महिन्यातच आणून पॅनेलमध्ये पिशवीत बांधून ठेवा: कॉन्टॅक्टरची कॉइल आणि कॉन्टॅक्ट किट, सिंगल फेज असेल तर कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, तीन फ्यूज, बेअरिंगची जोडी. बेअरिंगचा नंबर जुन्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहा, कारण पावसात तालुक्याला जाऊन "भोंग्याचं बेअरिंग द्या" म्हटलं तर दुकानदार नंबरच विचारणार आहे.